माजी महापौर पुन्हा उभे आहेत. त्यांचा आणि प्रशासकाचा हिशोब वेगळा कसा करायचा?

पाणी_तिसऱ्या_दिवशी | शनिवार, ३ जानेवारी २०२६

आमची महापालिका ड वर्गातली. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. त्याआधी नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२२ या अडीच वर्षांत जे महापौर होते, ते आता आमच्याच चार सदस्यांच्या प्रभागात 'ड' जागेवर उभे आहेत. आज चिन्हवाटप झालं, १५ तारखेला मतदान. चौकसभांमध्ये कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं: "ते प्रशासकाच्या काळातलं. चार वर्षं आमच्या हातात काहीच नव्हतं."

तक्रारी तीन आहेत. मुख्य रस्ता २०२१ च्या मे महिन्यात डांबरी केला. त्याच वर्षी दिवाळीनंतर जलवाहिनीसाठी तो मधोमध खोदला आणि पुढच्या पावसाळ्यात चर खचला, तो आजही तसाच आहे. पाणी तीन दिवसांतून एकदा, पाऊण तास. आणि विकास योजनेत खेळाच्या मैदानासाठी राखीव असलेल्या जागेला पत्रे लागलेत; आरक्षण उठलं असं सांगतात.

यातलं महापौराच्या अखत्यारीत नेमकं काय येतं? माहिती अधिकारात अर्ज केला तर तीस दिवस जातात, हातात बाराच आहेत. मला सभेत आरडाओरडा करायचा नाही. तारीख आणि ठराव क्रमांक हातात धरून विचारायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

---

कार्यपत्रिका | ३ जानेवारी, रात्री

दादा, आधी कायदा बघा, म्हणजे ते कुठे खरं बोलतायत आणि कुठे निसटतायत ते कळेल.

मुंबई सोडून बाकीच्या महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली चालतात. त्याच्या कलम ६७(३) प्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांचे. ठेकेदाराला कार्यादेश देणं, बिल काढणं, अभियंत्याला नोटीस देणं, अतिक्रमण पाडणं यातलं काहीही महापौर करत नाही. "खड्डा का बुजवला नाही" असं विचारलंत तर "तो आयुक्तांचा विषय" हे उत्तर कायद्याला धरूनच असेल आणि टाळ्या त्यांना पडतील. तो प्रश्न सोडून द्या.

महापौराचं काम सभागृहातलं. सर्वसाधारण सभा बोलावणं, चालवणं, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तीन गोष्टी तिथेच घडतात आणि त्या तिन्हींची नोंद राहते.

पहिली, आयत्या वेळचे विषय. सभेची कार्यपत्रिका नगरसेवकांना आधी मिळते. तिच्यात नसलेला विषय ऐन सभेत घ्यायचा तर पीठासीन अधिकाऱ्याची, म्हणजे महापौराची परवानगी लागते. अडचणीचे विषय याच वाटेने येतात, कारण ते कुणी वाचलेले नसतात आणि चर्चेविना मंजूर होतात. त्या अडीच वर्षांत आयत्या वेळी कुठले विषय घेतले आणि त्यातले जमिनींचे, भाडेपट्ट्यांचे, ठेक्याच्या मुदतवाढीचे किती, ते मोजा. ही परवानगी आयुक्त देत नाही, प्रशासक तर तेव्हा नव्हताच.

दुसरी, तहकुबी. विषय फेटाळला की विरोध नोंदला जातो, म्हणून न फेटाळता 'तहकूब' ठेवतात किंवा 'दप्तरी दाखल' करतात. दप्तरी दाखल म्हणजे फाईल बंद. तहकूब विषय पुढच्या कार्यपत्रिकेवर परत आला का, हे महिन्या-महिन्याने तपासलं की कुठला प्रस्ताव किती सभा लोंबकळत ठेवला ते दिसतं.

तिसरी, ठरावाचा मजकूर. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होतं. सभेत बोललं गेलं एक आणि ठरावात उतरलं दुसरं, हे याच दोन सभांमधल्या काळात होतं. उपसूचना देऊन मूळ प्रस्तावाचा अर्थच बदललेला असेल तर तीही ठरावाखाली लिहिलेली असते. ती ओळ सोडू नका, बऱ्याचदा सगळी गोम उपसूचनेतच असते.

आता मार्च २०२२ वर एक रेघ मारा. रेघेच्या अलीकडे सभागृह आणि स्थायी समितीचे ठराव. पलीकडे प्रशासकाचे ठराव. ते दोन्ही सभांचे अधिकार एकटे वापरत होते आणि त्यांच्या ठरावांना वेगळे क्रमांक असतात. तुमच्या तिन्ही तक्रारींचा प्रत्येक कागद रेघेच्या कुठल्या बाजूला पडतो ते पाहा. काही खरोखर प्रशासकाच्या बाजूला पडतील. ते मान्य करा, म्हणजे उरलेल्यांना वजन येईल.

कागद मिळवायचे कसे: महापालिकेच्या संकेतस्थळावर 'नगरसचिव' विभागात जुन्या कार्यपत्रिका, इतिवृत्तं आणि ठराव बहुधा असतात, पण स्कॅन केलेले असल्याने शोध चालत नाही. महिना धरून उघडावे लागतात. तिथे नसतील तर सोमवारी प्रत्यक्ष जा. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात, त्यासाठी तीस दिवस थांबावं लागत नाही. 'अभिलेख अवलोकन' हाच शब्द वापरा. 'माहिती हवी आहे' म्हणालात तर माहिती अधिकाराचा अर्ज पुढे करतील.

---

खडी_डांबर | ४ जानेवारी

रस्त्यापुरतं सांगतो.

कामाच्या फाईलमध्ये कागद या क्रमाने लागतात: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, स्थायी समितीचा ठराव, कार्यादेश, मोजमाप पुस्तक, बिलं, काम पूर्ण झाल्याचा दाखला. तुम्हाला यातले चारच हवेत. स्थायीचा ठराव, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची पानं आणि निविदेतली दोषदायित्वाची अट, म्हणजे ठरावीक काळात रस्ता बिघडला तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायची अट.

मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. समजा १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ५० मिलिमीटर थर दाखवला आहे. ते होतात ३० घनमीटर, दबल्यावर साधारण ७० टन माल. बिलासोबत डांबर प्लांटची चलनं असायला हवीत. ती ३५ टनांचीच भरली तर थर निम्माच पडलाय. खचलेल्या चराच्या कडेला थर उघडा पडलेला असेल, तिथे पट्टी उभी धरून मोजा आणि फोटो काढा. तो अंतिम पुरावा नव्हे, कडेला थर पातळ पडतोच. पण पुस्तकात ५० आणि कडेला १५-२० असेल तर प्रश्न विचारायला तेवढं पुरे.

चर का खचला याचं कारण सरळ आहे. नळ टाकल्यावर चर १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करायचं, वर खडी आणि मग डांबर. प्रत्यक्षात काढलेली काळी माती ढीग करून परत लोटतात आणि वरून मुरुमाचा मुलामा देतात. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि सैल भरलेली असल्याने हळूहळू खाली बसते. कितीही वेळा पॅच मारला तरी खालची माती बदलल्याशिवाय तो टिकणार नाही.

आता जबाबदारी. मे २०२१ मध्ये डांबर आणि नोव्हेंबरमध्ये खोदाई, म्हणजे दोन्ही कामं रेघेच्या अलीकडची. जलवाहिनीची निविदा काही ऑक्टोबरात अचानक निघत नाही, तिचं अंदाजपत्रक बरंच आधी झालेलं असतं. स्थायी समितीच्या दोन ठरावांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवा. जलवाहिनीचा विषय स्थायीत येऊन गेल्यावरही डांबरीकरण मंजूर झालं असेल, तर ज्यांनी दोन्हींवर हात वर केले त्यांना एकच रस्ता दोनदा खर्चात दिसत होता. मात्र स्थायीच्या त्या १६ सदस्यांत महापौर होते का, ते ठरावातल्या उपस्थितीवरून आधी पक्कं करा. या कायद्यात स्थायीचा सभापती वेगळा असतो आणि महापौर समितीवर असेलच असं नाही.

दोषदायित्व समजा तीन वर्षांचं असेल, तर ते मे २०२४ पर्यंत चालू होतं. त्या काळात ठेकेदाराकडून फुकट दुरुस्ती करून घेतली नाही, हा दोष प्रशासनाचा आणि त्या वेळच्या कार्यकारी अभियंत्याचा. तिथे माजी महापौरांचं म्हणणं बरोबर आहे. खोदाईमुळे ठेकेदाराची जबाबदारी संपली असं अभियंते सांगतील. ते फक्त चराच्या पट्ट्यापुरतं खरं मानता येईल, सगळ्या रस्त्यापुरतं नाही.

---

विरोधी_बाक | ४ जानेवारी

कार्यपत्रिका यांनी कायद्याचं बरोबर सांगितलं, पण "महापौराला कार्यकारी अधिकार नाहीत" हे वाक्य सत्ताधाऱ्यांना फार सोयीचं आहे, म्हणून त्याची दुसरी बाजू मांडतो.

महापौर बहुमताच्या पक्षाचा किंवा आघाडीचा असतो. त्याच बहुमताकडे स्थायी असते, आणि ठरावीक रकमेपुढचा कुठलाही ठेका स्थायीच्या मान्यतेशिवाय आयुक्त देऊ शकत नाहीत. अंदाजपत्रक आयुक्त स्थायीला सादर करतात, स्थायी त्यात बदल करून सभागृहापुढे ठेवते आणि शेवटचा शब्द सभागृहाचा. म्हणजे पैसा कुठे जायचा हे ठरवणारे हेच.

इथे एक ठरलेली खोट असते. आयुक्तांनी समजा ४०० कोटींचं अंदाजपत्रक दिलं. स्थायी त्यात मालमत्ता कर, विकास शुल्क, शासकीय अनुदान यांचे आकडे वाढवते आणि वाढीव जमेवर नगरसेवकांची कामं बसवते. सभागृहात आणखी थोडं फुगतं. वर्षअखेर वसुली मूळ आकड्याच्याही खाली येते. कामांना मंजुरी मिळालेली, कार्यादेशही गेलेले, पैसा मात्र नाही. ही बिलं पुढच्या वर्षाच्या दायित्वात जातात आणि तीन-चार वर्षांत दायित्व इतकं वाढतं की नव्या जलवाहिनीला लागणारा महापालिकेचा स्वहिस्सा उरत नाही. तुमच्याकडे पाणी तिसऱ्या दिवशी का, याच्या उत्तरातला एक धागा इथे सापडू शकतो.

हे तपासायला एक पुस्तक पुरत नाही, दोन लागतात. २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात त्या वर्षाचा अंदाज असतो. त्याच वर्षाचा प्रत्यक्ष जमा-खर्च २०२३-२४ च्या पुस्तकात छापलेला असतो, कारण तीन रकाने असतात: मागील प्रत्यक्ष, चालू सुधारित आणि पुढचा अंदाज. दोन्ही पुस्तकं उघडून 'मालमत्ता कर' ही एकच ओळ जुळवा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत मोठं अंतर असेल तर पुढे 'नगरसेवक निधी' किंवा 'प्रभाग निधी' हे शीर्ष बघा (नाव गावोगाव वेगळं असतं) आणि त्यातून रस्त्याखालची कामं किती झाली, बाक, कमानी आणि नामफलक किती झाले ते पाहा.

आणखी एक आकडा लिहून ठेवा: पाच-दोन-दोन. अधिनियमाच्या अनुसूचीतल्या पाचव्या प्रकरणाचा नियम २(२). त्याखाली, कारणं नोंदवून आणि स्थायीच्या मान्यतेने, निविदा न काढता ठेका देता येतो. खऱ्या आणीबाणीसाठी ही वाट हवीच. पण सफाईच्या किंवा टँकरच्या ठेक्याला याच नियमाखाली पुन्हा पुन्हा मुदतवाढ दिलेली दिसली, तर निविदा वेळेवर का काढली नाही हे नोंदलेलं कारण वाचा. "निविदा प्रक्रिया सुरू आहे" एवढंच वर्षभर लिहिलेलं असेल तर ते कारण नव्हेच.

हे सगळं महापौरांनी एकट्याने केलं असा आरोप मात्र करू नका. "तुमचं बहुमत होतं, तुम्ही सभागृहात विरोध नोंदवलात का?" असं विचारा. विरोध नोंदवला असेल तर तो इतिवृत्तात नावानिशी असतो.

---

आरक्षण_क्रमांक | ४ जानेवारी, संध्याकाळ

तुमच्या तीन तक्रारींत सगळ्यात गंभीर मैदानाची आहे. रस्ता पुन्हा होतो, पाणी उशिरा का होईना येतं, गेलेलं आरक्षण परत येत नाही. बारा दिवसांतला बहुतेक वेळ याच्यावर घाला.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ असं चालतं. अंतिम विकास योजना अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि महापालिकेने जागा ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, बजावू शकतो. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ही मुदत आधी १२ महिने होती, २०१५ च्या दुरुस्तीने २४ झाली. व्यपगत झाल्यावर शासन राजपत्रात अधिसूचना काढतं आणि जागा शेजारच्या जमिनीसारखी वापरायला मोकळी होते.

म्हणजे तुम्हाला एकच तारीख हवी आहे: खरेदी सूचना महापालिकेला मिळाली तो दिवस. नगररचना विभागाच्या आवक नोंदीत ती असते आणि राजपत्रातल्या अधिसूचनेतही तिचा उल्लेख सापडू शकतो. त्यात २४ महिने मिळवा. सूचना फेब्रुवारी २०२० ची असेल तर मुदत फेब्रुवारी २०२२ ला संपली. सगळा काळ यांच्या कारकिर्दीतला, प्रशासकावर ढकलायला एक दिवसही नाही. सूचना डिसेंबर २०२१ ची असेल तर मुदत डिसेंबर २०२३ ला संपली. त्यातले जेमतेम तीन महिने यांचे, बाकी प्रशासकाचे. उत्तर त्या एका तारखेवर पूर्ण फिरतं, म्हणून ती हातात येईपर्यंत सभेत हा विषय काढू नका.

तारीख यांच्या काळातली निघाली तर पुढचा प्रश्न: नगररचना विभागाने भूसंपादनाचा प्रस्ताव सभागृहापुढे ठेवला होता का? प्रस्तावच आला नसेल तर दोष प्रशासनाचा. प्रस्ताव आला आणि सभागृहाने तो तहकूब केला, पुढच्या सभेत पुन्हा तहकूब केला आणि तेवढ्यात २४ महिने उलटले, तर ते मैदान सभागृहाने घालवलं. कार्यपत्रिका यांनी सांगितलेल्या तहकुबीचं याहून महाग उदाहरण नाही.

"पैसे नव्हते" हे उत्तर येईल आणि ते अगदी खोटंही नसेल. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला खूप वाढला आणि ड वर्गातल्या महापालिकेला एक एकरसुद्धा जड जातं. पण जमीनमालकाला पैशांऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याचा पर्याय होता. तसा प्रस्ताव मालकाला लेखी दिला होता का, आणि त्याने लेखी नाकारला का? दोन्ही पत्रं नगररचनेच्या फाईलमध्ये असायला हवीत. मालक टीडीआर घ्यायला बांधलेला नाही हे मात्र लक्षात ठेवा.

आणि एक शक्यता तपासा. आरक्षण व्यपगत न होता बदललेलंही असू शकतं. त्याला कलम ३७ खाली फेरबदल लागतो आणि त्याची सुरुवात सभागृहाच्या ठरावाने होते. तो ठराव आयत्या वेळचा होता का, ते पाहा. सभागृहाचा एखादा ठराव बेकायदा वाटला तर आयुक्त तो शासनाकडे पाठवतात आणि शासन महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करतं. यांच्या काळातला कुठला ठराव तसा पाठवला गेला का, हेही नगरसचिवांकडे विचारण्यासारखं आहे.

---

पाणी_तिसऱ्या_दिवशी | ४ जानेवारी, रात्री

सगळ्यांचे आभार. मैदान आधी, हे पटलं. पाण्याबद्दल अजून एक. सभेत "पाणी येत नाही" म्हटलं की "येतं की तिसऱ्या दिवशी" असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. तो आकड्यात कसा मांडायचा?

---

खडी_डांबर | ५ जानेवारी, सकाळ

बादलीने. २० लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. मोटार लावू नका, तिने आकडा खोटा येतो. ८० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर. पाऊण तासात ६७५ लिटर. ते तीन दिवसांचं, म्हणजे दिवसाला २२५, आणि पाच माणसांच्या घरात माणशी ४५ लिटर. केंद्रीय नियमपुस्तिकेचं प्रमाण भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर, नसलेल्याला ७०. तुमच्याकडे गटार आहे की नाही त्याप्रमाणे तुलना करा, सरसकट १३५ म्हणू नका.

गल्लीच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशा तीन घरी एकाच दिवशी मोजा. सुरुवातीला भरपूर आणि शेवटी धार असेल तर दोष वाहिनीच्या व्यासात, चढात किंवा मधल्या मोटारींत आहे. तिन्हीकडे सारखंच कमी असेल तर टाकीतच पाणी कमी येतंय. पहिल्याला प्रभागातला अभियंता जबाबदार, दुसऱ्याला योजना. योजनेसाठी स्वहिस्स्याचा ठराव कधी झाला ते विचारा. केंद्राची शहरी पाणीपुरवठ्याची योजना अमृत २.० ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली, सभागृह त्यानंतर पाच महिने होतं.

गळतीचा आकडा हवा असेल तर पर्यावरण स्थिती अहवाल बघा. आयुक्तांनी तो दरवर्षी ३१ जुलैपर्यंत सभागृहापुढे ठेवायचा असतो. २०२० आणि २०२१ च्या अहवालांवर सभागृहात चर्चा झाली की "अवलोकन केले" एवढंच लिहून पुढे गेले, ते इतिवृत्तात दिसेल.

---

केंद्राध्यक्ष | ५ जानेवारी

मतदानाच्या बाजूच्या काही गोष्टी, कारण राग एकावर आणि मत भलतीकडे असं यात सहज होतं.

महापौर थेट निवडला जात नाही. नगरसेवक आपल्यातून अडीच वर्षांसाठी निवडतात, आणि या वेळचं महापौरपदाचं आरक्षण अजून निघालेलं नाही. म्हणून "यांना पुन्हा महापौर करू नका" असं मत यंत्रावर देता येत नाही. तुमच्या हातात त्यांची प्रभागातली 'ड' जागा आहे, तेवढीच.

चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र लढती असतात. मतपत्रिकांचे रंग वेगळे: अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. चारही ठिकाणी एकेक बटण दाबलं की मगच शेवटचा आवाज येतो. तोपर्यंत मतदान पूर्ण झालेलं नसतं, कक्षातून बाहेर येऊ नका. चारही मतं एकाच पक्षाला द्यायची सक्ती नाही. पॅनेलमधले तिघे पटतात आणि एक पटत नाही, तर तसंच मत द्या. मोजणी प्रत्येक जागेची वेगळी होते.

कुणीच पटत नसेल त्या जागेवर 'नोटा'. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा होते. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला तर मात्र उमेदवारांतला सर्वाधिक मतांचा निवडून येतो. त्याहून कमी पडलेल्या नोटाने निकाल बदलत नाही. केवळ निषेध नोंदवायचा की पर्यायी उमेदवाराला बळ द्यायचं, हे त्या हिशोबाने ठरवा.

उमेदवाराचं शपथपत्र वाचा. मालमत्ता, देणी, गुन्हे त्यात असतात. २०१७ चं शपथपत्र मिळालं तर शेजारी ठेवा. मालमत्ता वाढली म्हणजे गैर असं नाही, जमिनीचे भाव वाढतातच; पण जी मिळकत जुन्यात नाही ती कधी घेतली, हे विचारता येतं. ड वर्गात उमेदवाराची खर्चमर्यादा ९ लाख आहे. चौकसभेचा मांडव, गाड्या, जेवणं यांचा अंदाज तुमचा तुम्ही करा आणि तक्रार करायची तर तारखेसह फोटो जोडून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

आणि एक काळजी घ्या. हे कागद जमवून पत्रक छापायचा मोह होईल. छापलंत तर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव त्यावर हवंच, निनावी पत्रक हा गुन्हा आहे. त्यात दुसऱ्या उमेदवाराला मत द्या असं लिहिलंत तर तो खर्च त्याच्या खात्यात धरला जाऊ शकतो आणि तुम्ही अडचणीत याल. समाजमाध्यमावरही विशेषणं टाळा. "ठराव क्रमांक अमुक, तारीख अमुक, सूचक अमुक" एवढं लिहिलं की पुरतं.

---

विरोधी_बाक | ५ जानेवारी

केंद्राध्यक्ष यांच्या पर्यायी उमेदवाराच्या मुद्द्याला जोडून. तुमच्या 'ड' जागेवरच्या बाकीच्या उमेदवारांनाही हेच प्रश्न विचारा. त्यातला कुणी २०१७ ते २०२२ मध्ये नगरसेवक असेल तर तोही त्या ठरावांना हजर होता आणि मैदान तहकूब होताना त्यानेही कदाचित हात वर केला असेल. विरोधात बसणारे सगळे विरोध नोंदवतात असं नाही. इतिवृत्तात दोघांचीही नावं शोधा.

---

कार्यपत्रिका | ५ जानेवारी, दुपारी १२

एक दुरुस्ती. वर मी नुसतं 'सोमवारी जा' म्हटलं. मतदानाआधी सोमवार दोनच आहेत, आज ५ आणि पुढचा १२. बाराला अर्धं कार्यालय निवडणुकीच्या कामावर असेल आणि अभिलेख कक्षाला कुलूप सापडण्याची शक्यता जास्त. आजच जा.

अडीचला पोहोचा. आधी नगररचना विभागात: आरक्षण क्रमांक सांगून "कलम १२७ ची खरेदी सूचना, तिच्या आवक नोंदीचं पान आणि त्या आरक्षणाची टिपणी" पाहायला मागा. मग नगरसचिव: नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२२ ची सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं. सगळी दोन तासांत होणार नाहीत, म्हणून खरेदी सूचनेच्या तारखेनंतरच्या सभांपासून सुरू करा. बांधकाम विभाग शेवटी. वेळ उरला नाही तरी चालेल.

वहीत विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सभेची तारीख, सूचक, अनुमोदक असे पाच रकाने आखून न्या. पाहू दिलं नाही तर वाद घालू नका. साध्या कागदावर "आज दिनांक ५ जानेवारी २०२६ रोजी अभिलेख अवलोकनास आलो असता उपलब्ध करून दिले नाहीत" असं लिहा आणि आवक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्या. छायाप्रती लागतील तर दोन रुपये पान, सुटे पैसे जवळ ठेवा.